छुंदा हलवायला किती वेळ लागतो?

मे महिन्यात आमच्या घरी संध्याकाळी साडेसहाला एक वाक्य ठरलेलं असायचं. "छुंदा हलवून येते गं." (छुंदा म्हणजे किसलेल्या कैरीचं, साखर घालून उन्हात मुरवलेलं लोणचं.) एवढं बोलून माई पदर खोचायच्या, कठड्याला धरून गच्चीचा जिना चढायच्या आणि सव्वासातच्या आत काही खाली उतरायच्या नाहीत. मधूनच पातेल्यावर चमचा आपटल्याचा टणटण आवाज यायचा, म्हणजे काम चालू आहे. लग्न होऊन बडोद्याच्या दांडिया बाजारात आले तेव्हापासून २७ उन्हाळे मी हे ऐकलं. त्या पाऊण तासात खाली काय चालायचं ते विचारू नका. नणंदांची मुलं कूलरसमोरच्या जागेवरून भांडतायत, नानांना, म्हणजे सासऱ्यांना, साडेसहाचा चहा पावणेसातला झालेला चालत नाही, कुणाला तरी स्टेशनवरून आणायचंय, कणीक मळायची राहिलीय. आणि सासूबाई वर. मी मनातल्या मनात म्हणायचे, हलवतात तरी काय एवढं? समुद्रमंथन चाललंय का?

माई गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गेल्या. यंदा छुंदा माझ्या गळ्यात आला. पहिल्या संध्याकाळी गच्चीवर गेले, दोन्ही पातेली हलवली, आणि खाली यायला वळले तर वाटलं, झालं? एवढंच? पुन्हा मागे फिरून मोबाइलवर वेळ लावून हलवलं. एक मिनिट पन्नास सेकंद. दोन्ही पातेल्यांचे मिळून.

मी तीन दुकानांचे हिशेब लिहिते. ताळा जुळला नाही की मला घास गिळत नाही. ४५ मिनिटांतून दोन वजा केली, तर उरलेली ४३ मिनिटं माई कुठल्या खात्यावर टाकत होत्या?

बडोद्याचा उन्हाळा बाहेरून बघणाऱ्याला आळशी वाटतो. दुपारी दोनला रावपुऱ्यात या, अर्धी शटरं खाली, पारा ४३ला, रिक्षावाला मागच्या सीटवर पाय बाहेर काढून झोपलेला. पण त्याच वेळी घराघरांत बायका काय करत असतात ते बघायला कुणी येत नाही. वर्षाची सगळी बेगमी याच दोन महिन्यांत. गहू येतात, ते चाळा, निवडा, एरंडेलाचा हात फिरवून पिंपात भरा. (इथे आम्ही सगळे 'दिवेल' म्हणतो. पुण्याच्या मावशीला एरंडेल म्हटल्यावर तिनं विचारलं होतं, कुणाचं पोट बिघडलं?) मग तिखट, हळद, धणे. मग कुरडया. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो रात्रभर खाली बसू द्यायचा आणि पहाटे उठून वरचं पाणी ओतून तो शिजवायचा, कारण ऊन चढल्यावर त्या पातेल्यापाशी उभं राहण्याची कुणाची टाप नाही. त्यातच लग्नांच्या तिथी. त्यातच अहिंसा एक्स्प्रेसनं पुण्याहून नणंद आणि तिची दोन मुलं. आणि माझं वेगळं: मार्चअखेर उरकला म्हणावं तर ११ तारखेला एक रिटर्न, २० तारखेला दुसरं, शिवाय टीडीएसचं शेवटच्या तिमाहीचं ३१ मेपर्यंत. शेठजी मात्र बिलं देणार २९ला, तीही पिशवीत कोंबून.

लेक पुण्यात नोकरी करते. तिनं एप्रिलमध्येच फोनवरून माझा आवाज ओळखला. "आई, दिवसातून दहा मिनिटं तरी स्वतःसाठी काढ ने." ती आता पुणेकर झाली तरी बडोद्याचं 'ने' काही सुटलेलं नाही. मोबाइलमध्ये ध्यानाचं एक अॅप घालायला लावलं तिनं. त्यातल्या बाईचा आवाज साजूक तुपासारखा. आता डोळे मिटा, आता श्वासाकडे लक्ष द्या. मी डोळे मिटले. लक्ष गेलं कुकरकडे, डाळीला तीन शिट्ट्या हव्या होत्या. त्या दहा मिनिटांत एकही श्वास मोजला नाही, शिट्ट्या मात्र चोख मोजल्या. तिसऱ्या दिवशी वेळ झाला नाही तर मोबाइलच टोचून बोलला, काल तुम्ही शांत बसला नाहीत म्हणून. टोचून बोलायला आमच्या घरात माणसं कमी आहेत का? काढून टाकलं.

मग आठवडाभर सकाळी सहाच्या एका शिबिराला गेले. छान होतं, खोटं कशाला सांगू. गार हॉल, पांढऱ्या चादरी. तिसऱ्या दिवशी मी घोरले. शेजारच्या बाईंनी हळूच कोपरानं ढोसलं.

नानांना हे कळल्यावर ते इतके हसले की कवळी हातात धरावी लागली. "दांडिया बाजारात राहून ध्यान शिकायला स्कूटरवर जातेस?" आणि मग त्यांची ती गोष्ट सुरू झाली, जी या घरात पाहुणे आले की एकदा होतेच. अरविंद घोष १८९३ला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले आणि १९०६पर्यंत इथे होते. पुढे १९०७च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली, तिथून ते बडोद्याला आले, आणि आपल्या या दांडिया बाजारात खासेराव जाधवांच्या घरी त्यांची विष्णू भास्कर लेले नावाच्या योग्याशी गाठ पडली. ("लेले! आपला मराठी माणूस," हे नाना दर वेळी बोट वर करून म्हणतात.) मग सरदार मजुमदारांच्या वाड्यात, वरच्या खोलीत, दोघं बसले. लेल्यांनी सांगितलं, विचार करू नका, नुसतं मनाकडे बघा. विचार बाहेरून येताना दिसतील. आत शिरायच्या आधीच परतवून लावा. तीन दिवसांत मन गप्प झालं. पुढची गंमत नाना विशेष रंगवून सांगतात. अरविंदांना लगेच मुंबईत भाषण द्यायचं होतं आणि डोक्यात तर एक विचार उमटेना. काय करू, म्हणून विचारलं, तर लेले म्हणाले, लोकांना नमस्कार करा आणि थांबा, शब्द येतील. आणि आले.

मी चपात्या लाटत होते. म्हटलं, "नाना, ते तीन दिवस त्या खोलीत चहा कोण नेऊन देत होतं?"

नाना गप्प झाले. ते कुठे लिहिलेलं नाही म्हणाले. शिवाय तो जानेवारी होता, १९०८चा. मे महिन्यात बडोद्याच्या वरच्या मजल्यावर बसले असते तर अरविंदबाबूंच्या मनात एक विचार नक्की शिरला असता आणि तो परतवता आला नसता, तो म्हणजे वाळ्याचा पडदा.

पण नमस्कार करा आणि थांबा, हे माझ्या डोक्यात राहिलं.

एका शनिवारी संध्याकाळी मुलांना कमाटी बागेत नेलं. खरं म्हणजे घरातून बाहेर काढलं, त्यांच्या आईला आणि मला निदान तास-दोन तास पसारा आवरता यावा म्हणून. पण न्यायला मलाच लागलं, त्यामुळे तो डाव फसला. काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी विश्वामित्री नदीच्या पुलावर थांबलो. उन्हाळ्यात पाणी आक्रसून हिरवट ओहोळासारखं होतं आणि दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडतो. त्या चिखलावर एक ओंडका होता. मुलांना सांगितलं, ती मगर आहे. विश्वास बसेना. पुण्याच्या मुलांना मगर टीव्हीत असते.

"मामी, हलत नाहीये. मेलीय."

"थांब जरा."

तिनं जबडा उघडा टाकला होता, डॉक्टरांपुढे आ करावा तसा. उकाड्यात अंग निववायला त्या असं तोंड उघडं ठेवून पडतात. एक बगळा तिच्या शेपटीपासून दोन हातांवर उभा होता, त्यालाही काही पडलेली नव्हती. मागून बसचे भोंगे, पाणीपुरीवाल्याची घंटी, एक बाबा फोनवर कुणाला तरी साडीच्या रंगावरून झापत होता. मोठा मुलगा मिनिटभरात कंटाळला, त्याला टॉय ट्रेन हवी होती. धाकटी मात्र कठड्याच्या गजांत नाक घालून उभी राहिली. किती वेळ गेला मी मोजलं नाही. (हे मी मुद्दाम लिहितेय. मी मोजलं नाही.) आणि मग काही कारण नसताना मगरीनं तोंड मिटलं, घसरली, पाण्यात गेली. वर एक बुडबुडा आला. धाकटी म्हणाली, "ती विचार करत होती." मोठा म्हणाला, "काही करत नव्हती." २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा याच मगरी लोकांच्या वस्त्यांत, रस्त्यांवर फिरत होत्या, तेव्हा त्यांना कुणी ओंडका म्हणत नव्हतं.

आता छुंद्याकडे येते, कारण खरं शिक्षण तिथे झालं.

खंडेराव मार्केटातून राजापुरी कैऱ्या आणल्या. एकेक कैरी अशी की दोन हातांत धरावी. सालं काढून, मोठ्या भोकाच्या किसणीवर किसून, वजन केलं: साडेतीन किलो. माई सगळं डोळ्यांनी करायच्या. "आंबटपणा बघून साखर" ही त्यांची कृती, आणि ती लिहून घ्यायला मी २७ वर्षांत एकदा वही काढली नाही. मी आपली सव्वापट धरली, ४ किलो ३७५ ग्रॅम. मीठ-हळद चोळून किस थोडा वेळ ठेवला, सुटलेलं पाणी हलक्या हातानं काढलं, साखर मिसळून रात्रभर घरातच ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून ऊन. पातेल्याच्या तोंडाला नानांच्या जुन्या धोतराचा तुकडा, वरून दोरी. गॅसवर केलं की अर्ध्या तासात होतं, पण किस काळवंडतो आणि पाक पुढे गेला तर साखर धरते. उन्हात मात्र तो एकेका दिवसानं बदलतो. पहिल्या दिवशी किस पांढुरका आणि रुसलेला, पाण्यात पडल्यासारखा. तिसऱ्या दिवशी कडा पारदर्शक व्हायला लागतात. पाचव्या-सहाव्या दिवशी प्रत्येक तार काचेसारखी दिसते, आत पिवळा उजेड भरल्यासारखी, आणि पाक उलथण्यावरून पडताना जरा रेंगाळतो. आठव्या-दहाव्या दिवशी बोटांत एक तार. तेव्हा तिखट आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड.

चौथ्या दिवशी मी घात केला. एका शेठजींची टीडीएसची बिलं अखेर आली होती. सातला पातेली खाली आणली, फडकं सोडलं, झाकणं घातली आणि लॅपटॉपपाशी बसले. पाचव्या दिवशीही तेच. सहाव्या सकाळी एका पातेल्यात वर फेस आणि दोन पांढरे ठिपके. वासच सांगत होता.

शेजारच्या गच्चीवर एक गुजराती बा आहेत, माईंच्या वयाच्या. दोन गच्च्यांच्या मध्ये छातीएवढी भिंत. मी ते पातेलं घेऊन रडकुंडीला आलेली बघून त्यांनी विचारलं आणि ऐकल्यावर कपाळाला हात लावला. "गरम गरम ढांकी दीधुं? ठरवा तो देवुं हतुं!"

ऊन खाल्लेला पाक आतून बराच वेळ तापलेला असतो. झाकण घातलं की वाफ वर धरते, थेंब होऊन खाली पडते आणि छुंद्यात पाणी गेलं की संपलं. फडकं तसंच ठेवून निवू द्यायचं. एवढं साधं. पण बांचा शब्द मला तिथेच चिकटला. गुजरातीत ठरणं म्हणजे निवणं, थंड होऊन स्थिर बसणं. आपल्याकडे ठरवलं की माणसाला उठून कामाला लागावं लागतं. एकाच गल्लीत राहून शब्दानं दोन घरांत दोन स्वभाव घेतले.

म्हणजे माई पातेली निवायची वाट बघत बसायच्या तर! ताळा जुळला, मला बरं वाटलं. पुढचे दिवस मीही वर थांबले. पाण्याच्या टाकीमागे सावलीत एक बुटकं लाकडी स्टूल सापडलं, माईंचंच. त्यावर बसलं की पाठ टाकीला टेकते, आणि टाकी संध्याकाळी कोमट असते. समोर तारांवर उत्तरायणात अडकलेले पतंग, जानेवारीपासूनचे, रंग उडून पांढरे झालेले. एकाची नुसती काडी आणि शेपूट उरलेलं. सहा-साडेसहाला वारा सुटतो तेव्हा ते सगळे एकदम फडफडतात. पाकोळ्या खालून वर जातात. कुठल्या तरी देवळातली घंटा, मांडवीच्या बाजूनं अजान, सेव-उसळवाल्याच्या तव्याचा खणखणाट. बा त्यांच्या बाजूला खुर्ची टाकून असतात, माळ हातात, पण मणी काही सरकत नाहीत, हे मी पाहिलंय. पहिल्या दिवशी मी सभ्यपणानं काहीबाही बोलले. त्यांनी "हं" केलं. दुसऱ्या दिवशी मीही बोलले नाही.

मनातले विचार परतवून वगैरे लावता आले नाहीत. येत होते. २० तारखेचं रिटर्न येत होतं, गिरणीतलं पीठ आणायचं राहिलेलं येत होतं. पण खालच्यासारखं त्यांच्यामागे उठून धावावं लागत नव्हतं, कारण मी कामात होते ना. पातेलं निवत होतं.

१९ मेला छुंदा झाला. वाचलेल्या पातेल्याचा. बरण्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम नानांचं. थरथरत्या अक्षरात 'छुंदा, १९ मे' लिहून त्यांनी स्वतः डिंक लावून चिकटवल्या.

२० तारखेला रिटर्न भरून संध्याकाळी सवयीनं गच्चीवर गेले. फडकी वाळत टाकायची होती. स्टुलाशी बसले आणि तेव्हा लक्षात आलं, अरे, छुंदा तर दहा दिवसांचा असतो. माई महिनाभर काय हलवत होत्या?

बांना विचारलं. त्या हसल्या आणि हनुवटीनं टाकीकडे खूण केली. टाकीच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत हात घातला तर एक ॲल्युमिनियमचं तपेलं निघालं, कडेला चेपलेलं, जळमटं धरलेलं. आत एक डाव. तपेल्याच्या आतल्या बाजूला, एकाच ठिकाणी, डाव आपटून आपटून पडलेले बारीक खळगे होते. छुंद्याचा डाग औषधाला नाही.

"शुं वातो करतां तमे बेउ?" मी विचारलं. दोघी मिळून गप्पा तरी काय मारायचात?

"वात?" बा म्हणाल्या. "ना रे. बेसतां."

नाना रोज साडेसहाच्या चहाला पाच मिनिटं उशीर झाला तर घर डोक्यावर घ्यायचे, पण माई वर गेल्यावर त्यांनी कधी हाक मारल्याचं मला आठवत नाही. हे मला तेव्हा, ते तपेलं मांडीवर घेतल्यावर सुचलं. २७ वर्षांत नाही.

काल साडेसहाला पदर खोचला (ओढणी खरं म्हणजे) आणि म्हटलं, "छुंदा हलवून येते." नणंद मुलांच्या बॅगा भरत होती, तिनं मानही वर केली नाही. नाना पेपर वाचत होते. त्यांच्यामागे फडताळात बरण्यांची रांग, त्यांच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या बाहेर तोंड करून.

वर बसून किती वेळ झाला माहीत नाही, धाकटी जिन्यात आली. "मामी, काय करतेस?"

मी उत्तर शोधेपर्यंत खालून नानांचा आवाज आला. "मामी छुंदा हलवतेय. तू खाली ये बघू."

मी तपेल्यावर डाव आपटला. दोनदा.